खाऱ्या रांजणातली देवी

१

हरवलेली देवी सापडली म्हणजे गावात गूळ वाटतात. रेवदंड्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात खाडीआईचा चांदीचा मुखवटा अकरा दिवसांनी सापडला, तेव्हा गूळ कुणी वाटला नाही. भागुबाई नावाच्या विधवेला देवळासमोरच्या पारावर बसवलं आणि दोन माणसं राखणीला उभी केली. मुखवटा सापडला होता तिच्या घरात, खारवलेल्या मासळीच्या रांजणात, केळीच्या पानात गुंडाळलेला.

ही गोष्ट एकोणीसशे एकतीस सालच्या कार्तिकातली. महिन्याच्या सुरुवातीला वादळ होऊन गेलं होतं, पण आभाळ जे खाली उतरलं ते वर जायचं नाव घेईना. वाळत टाकलेले बोंबील वाळायचे सोडून कुजायला लागले होते. गावाला असा काही वास सुटला होता, की आलेला पाहुणा वेशीवरूनच आपण जेवून आल्याचं सांगे.

मुखवटा सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौलचे तुळशीराम सोनार येऊन दाखल झाले. त्यांना चोर शोधायला कुणी बोलावलं नव्हतं. चोर पारावर बसलेला होता. चांदी तीच आहे की मधल्यामध्ये कुणी बदलली, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. दर चैत्रात जत्रेआधी मुखवट्याला उजाळा देण्याचं काम त्यांच्या घरात तीन पिढ्या चालत आलं होतं. माणूस साठीपुढचा, अंगानं काटक आणि बोलायला इतका सावकाश, की गिऱ्हाईक कंटाळून भाव कबूल करून टाकी.

गावचे नामा पाटील यांनी मुखवटा त्यांच्यापुढे ठेवला. "बघा शेट. आमची आई हाय, का दुसऱ्या कुनाची?"

तुळशीरामांनी मुखवटा उलटा केला. उजव्या कानामागची चीर सांधायला त्यांच्या वडिलांनी दिलेला डाग होता. डाग ओबडधोबड होता. वडिलांचा हात तसा बेताचाच होता. कसोटी पिशवीतून काढायचीही गरज पडली नाही.

"तुमचीच आहे."

"मंग झालं! आज ओहोटीला हिला खाडीपार सोडतो. पंचांनी ठरवलंय. या किनाऱ्याला पुन्हा पाय लावायचा न्हाय."

पारावरून भागुबाईचा आवाज आला. रात्रभर रडून तो घोगरा झाला होता. "पाटील, खाडीपार माजं कोन हाय? हितं निदान नवऱ्याला जाळलेली जागा तरी हाय. मी न्हाय घेतली आई. कितीदा सांगू?"

"जितक्यांदा सांगशील तितक्यांदा रांजन तुजाच ऱ्हाईल," पाटील म्हणाले.

तुळशीराम अजून मुखवट्याकडेच बघत होते. त्यांनी तो उजेडाकडे धरला. उजेड फारसा नव्हताच, तरी मुखवटा लखलखला.

"ओहोटी कधी आहे, पाटील?"

"दिस मावळायच्या आधी घटकाभर. का वो?"

"तोवर बाईला हलवू नका. आई तुमचीच आहे. पण ती इतकी उजळ असायला नको होती."

२

"म्हंजे आई काळी पायजे व्हती?" चंदर पुढे सरसावून म्हणाला. चंदर हा तिशीतला गडी. भागुबाईची मासळी वाळवायची जागा त्याच्या जागेला लागून होती, आणि भागुबाई असेपर्यंत ती लागूनच राहणार होती. भागुबाईला देवळापाशी घुटमळताना पाहिल्याचं पंचांना त्यानंच सांगितलं होतं.

"हो," तुळशीराम म्हणाले. "मी चैत्रात उजाळा दिला. तुमच्या गावच्या हवेत दसऱ्यापर्यंत आई सावळी होते. दरसाल होते. सडक्या मासळीच्या वाफेनं चांदीवर काळं चढतं. आता कार्तिक. त्यात तुमच्या म्हणण्याप्रमाणं अकरा दिवस ती रांजणात होती. तव्यासारखी व्हायला हवी होती."

"आईचा चमत्कार आसंल," एक म्हातारा पंच हात जोडून म्हणाला.

"असेल. पण चमत्कार म्हणायचा, तर आई आपण होऊन रांजणात गेली असंही होईल. मग बाई सुटली. चमत्कार नाही म्हणायचा, तर ही चकाकी कुठून आली ते सांगायला लागेल. पंचांनी दोहोंतलं एक काय ते घ्यावं."

पंचांनी काहीच घेतलं नाही. पंच सहसा घेत नाहीत.

तुळशीरामांनी भिंग डोळ्याला लावलं. मुखवट्याच्या हनुवटीच्या कडेला, जिथे केळीचं पान फाटलं होतं, तिथे हळदीच्या बोटासारखी अगदी फिकट पिवळट झाक होती. बाकी सगळा चेहरा स्वच्छ.

"पाटील, तुमच्याकडे चांदीची चुन्याची डबी आहे. तीही मीच घडवली होती."

पाटलांचा हात कमरेकडे गेला. "हाय. तिचं काय?"

"ती तशाच फाटक्या पानात गुंडाळून बाईच्या रांजणात ठेवायची. दुपार कलली की काढायची."

"माजी डबी? मासळीत?"

"आई राहिली. डबीला काय होतंय?"

डबी रांजणात गेली. पाटील त्या घराच्या उंबऱ्यावर स्वतः राखणीला बसले. देवी हरवली होती तेव्हाही ते इतके अस्वस्थ दिसले नव्हते.

"काल बाई कुठं होती?" तुळशीरामांनी तिथेच विचारलं.

"चौलला. आगरातल्या वाड्यांत दारोदार सुकी मासळी विकाया," पाटील म्हणाले. "सकाळी गेली ती दिवेलागणीला आली. तवर आमी झडती घिऊन मोकळं."

"आणि रांजण रोज उघडते का?"

"न्हाय. बाजाराच्या दिशी. म्हंजे आज सकाळी उघडला असता तिनं."

तुळशीराम मान हलवून देवळाकडे निघाले, तोच चंदरनं त्यांना आडवं होऊन म्हटलं, "शेट, चकाकी ऱ्हाऊद्या. चोरानं हाताची निशानी ठेवलीय. चला, दावतो."

३

खाडीआईचं देऊळ म्हणजे चुन्यानं सारवलेली एक खोली आणि एक दार. दाराची लोखंडी कडी पहारीनं उचकटलेली होती. खाऱ्या वाऱ्यानं ती एरवीही गंजून अर्धमेली झाली होती. तिच्या शेजारी पांढऱ्या भिंतीवर काळीभोर पाच बोटं उठली होती.

"काजळी," चंदर म्हणाला. "दिसभर चुलीम्होरं बसनाऱ्या बाईचा हात. दुसऱ्या कुनाच्या हाताला येवढी काजळी?"

आत देवीचा पुजारी मोरू भगत रिकाम्या चौथऱ्यापुढे बसला होता. पूजेची तांब्याची भांडी शेजारी पालथी पडली होती, हिरवी होऊन.

"भांडी घासली नाहीस वाटतं," तुळशीराम म्हणाले.

"आईच न्हाय तर कुनासाठी घासू?" मोरू म्हणाला. "अकरा दिस चिंचेला हात लावला न्हाय. चावी माज्याकडं, म्हून आदी समद्यांनी माज्याकडंच बघितलं. आवं, चावी हाय तर मी कडी कशाला उचकटू? येवढं बी कुनाला सुचलं न्हाय."

"आई कुणी मागितली होती का? घरी न्यायला, नवसाला?"

"मागत्यात. कोन पोर आजारी म्हून, कोन लगीन म्हून. वादळानंतर दादूनं मागितली व्हती, होडीतनं न्यायला. पंचांनी न्हाय म्हनून सांगितलं. आई उंबरा वलांडत न्हाय."

"ओलांडला की."

मोरूनं शेजारचा पालथा तांब्या उगाच सुलटा केला.

तुळशीरामांनी भागुबाईच्या चुलीवरचं भांडं मागवलं. त्याच्या बुडाची काजळी बोटानं भिंतीवर ओढली आणि ओल्या फडक्यानं पुसली. भिंत पांढरी झाली, फडकं काळं. मग तेच फडकं त्यांनी पाच बोटांच्या ठशावर घासलं. ठसा जिथल्या तिथे राहिला.

"काजळी ही नुसती येऊन बसते," ते म्हणाले. "पुसली की गेली. भिंत भिंतच राहते, काजळी काजळीच. हे येऊन बसलेलं नाही. हे इथं तयार झालंय. दुधाचं दही झाल्यावर त्यातून दूध पुसून काढता येत नाही, तसं."

"कशाचं तयार झालं?" चंदरनं विचारलं. त्याचा आवाज जरा उतरला होता.

"जाळी रंगवायचा हंडा कुठंय?"

हंडा किनाऱ्यावरच होता. वादळानं फाटलेली जाळी सांधून झाली होती, आणि ती पाण्यात टिकावीत म्हणून ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं काम बारा-तेरा दिवस चाललं होतं. गावातल्या एकूण एक बाप्याचे हात त्या काढ्यानं तांबूस झाले होते, आणि त्याच हातांनी नांगर, कोयते, गळ धरून वर काळे पडले होते. हंडा तांब्याचा होता. लोखंडाच्या हंड्यात काढा नासतो, हे गावाला आजोबांपासून ठाऊक होतं. का नासतो, हे आजोबांना कुणी विचारलं नव्हतं.

तुळशीरामांनी करवंटीत तांबडा काढा घेतला. देवळाच्या कडीवरचा ओला गंज नखानं खरवडून त्यात टाकला आणि काडीनं ढवळलं.

करवंटीतला काढा बघता बघता शाईसारखा काळा झाला.

तुळशीराम म्हणाले, "चोरानं काढ्यानं ओले हात घेऊनच गंजलेली कडी धरली, आणि मग भिंतीला हात टेकला. भागुबाई हंड्यावर येते का?"

"छ्या!" म्हातारा पंच ओरडलाच. "रांडाव बाईची सावली पडली तर जाळं वांझ हुतं! तिला हंड्याच्या वीस पावलांत येऊ देत न्हाय आमी!"

"एवढंच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

पंचाला आपण काय बोललो हे कळायला थोडा वेळ लागला. आयुष्यभर जो नियम त्यानं त्या बाईवर चालवला, तोच आज तिच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला होता.

"चोरीच्या दिवशी हंडा कुणाचा होता?" तुळशीरामांनी विचारलं.

पाळ्या ठरलेल्या असत. उत्तर दहा तोंडांतून एकदम आलं. त्या दिवशी हंड्यावर तिघेच होते: चंदर, मोरू भगत आणि दादू.

४

दादू किनाऱ्यावर एकटाच होता. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीला बसून तो दर्याकडे बघत होता. सोळा दिवसांपूर्वीच्या वादळात त्याचा एकुलता एक पोरगा सदू होडीतून फेकला गेला होता. गावानं तीन दिवस शोध केला. चौथ्या दिवसापासून, हंड्यावरच्या पाळीचा दिवस सोडला तर, दादू एकटा जात होता. रोज पहाटे निघे, संध्याकाळी रिकामा येई.

"आज गेला नाहीस?" तुळशीराम शेजारी बसले.

"पाटलांनी आडवलं. म्हनलं, आज समद्यांनी हजर ऱ्हायाचं." त्यानं दोन्ही हात काखेत खुपसले होते. थंडी नव्हती. "शेट, तुमी शिकलंसवरलेलं. येक विचारू? पान्यात गेलेलं समदं परत येतंय का?"

तुळशीरामांना खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. धंदा सोन्याचा होता. पण त्या वेळी त्यांना ते जमलं नाही.

"मीठ येतं," ते म्हणाले. "पाणी आटवलं की मीठ जसंच्या तसं मिळतं."

"आनि?"

तुळशीरामांनी वाळूची चिमूट उचलली आणि बोटांतून सोडून दिली. लाटा येत होत्या आणि जात होत्या.

दुपार कलली. तुळशीरामांनी सगळ्यांना देवळासमोर जमवलं. पाटलांनी रांजणातून डबी काढली आणि पोटचं पोर पडल्यासारखे कळवळले. पान जिथे फाटलं होतं, तिथे डबीला फिकट पिवळट झाक आली होती.

"हनुवटीला होती तेवढीच," तुळशीरामांनी मुखवटा आणि डबी शेजारी शेजारी धरली. "म्हणजे आई रांजणात अकरा दिवस नव्हती. फार तर अर्धा दिवस. काल दुपारी, बाई चौलला असताना, कुणीतरी तिला तिथं ठेवलं. मधले दहा दिवस ती दुसरीकडे होती, आणि तिथं काळी पडली असणार. म्हणून ठेवण्याआधी त्यानं तिला घासूनपुसून लखलखीत केलं."

"पन शेट," पाटील डबी धोतराला पुसत म्हणाले, "चोर कशाला मेहनत घील? ठेवायची तर काळीच ठेवायची की. तशी ठेवली असती तर तुमालाबी संशय आला नसता."

"नसता आला. पैशासाठी चोरणाऱ्यानं काळीच ठेवली असती. याला ते जमलं नाही. यानं देवी चोरली, पण तिचं काळवंडलेलं तोंड त्याला बघवलं नाही. चांदीचं काळं घालवायला तुमच्या घरांत काय असतं? चिंच आणि राख. चांदी घासताना चिंच बोटांनाही लागते. चांदीवरचं काळं राखेनं जातं. पण गंज आणि साल मिळून जे काळं होतं, ते चिंचेनं जातं."

त्यांनी चिंचेचा कोळ त्या शाईसारख्या करवंटीत पिळला. काळा रंग फिकटत फिकटत पुन्हा तांबूस झाला.

"हंड्यावरचे तिघे पुढे या. हात दाखवा."

चंदरनं हात पुढे केले. नांगराच्या साखळीसारखे काळे. मोरूचे त्याहून काळे.

दादूनं हात काखेतून काढायला वेळ लावला. तळवे काळे होते. पण उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, ज्यांनी माणूस चोळतो तीच, लहान मुलासारखी स्वच्छ होती.

५

"म्याच," दादू म्हणाला. कुणी विचारायच्या आतच म्हणाला.

पाटील खाली बसले. "दादू, तू? आईला?"

"पंचांस्नी पाया पडून मागितली व्हती. तुमी म्हनालात आई उंबरा वलांडत न्हाय. म्या म्हनलं, तिला दर्यावर नेऊन जागा दावली तर ती पोराला सोडंल. जिता न्हाय तर मेल्यालाबी सोडंल. धा दिस होडीत घिऊन फिरलो. तळाला मासळीचं पानी साठतं, त्यात ती काळी झाली. पोरगा न्हाय मिळाला. काल दुपारीच माघारी आलो, म्हनलं आता तिला परत ठेवावी. पन काळ्या तोंडानं कशी देऊ? आन देवळावर तर पहारा."

"मग माज्या घरात का?" पारावरून भागुबाईनं विचारलं. सकाळपासून तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आता सगळे वळले.

दादूनं मान वर केली नाही. "तू बाजाराच्या दिशी रांजन उघडनार. आई दिसनार. वराडशील. मला वाटलं, गाव म्हनंल, आई भागूकडं आपनहून आली. तुज्या पाया पडंल. तुजंबी भलं हुईल. झडती हुईल असं न्हाय वाटलं."

चमत्कार की चोरी, हा प्रश्न गावापुढे आलाच होता, आणि विधवेचं घर बघून गावानं तो क्षणात सोडवला होता.

"आन काल राती? मी हितं बसलेली व्हते, तवा तू कुटं व्हतास?"

"घरी." दादूचा आवाज अगदी खाली गेला. "बोललो असतो तर पंचांनी होडी वर वढली आसती. मला आजून येक दिस जायाचं व्हतं. येकच. मंग बोलनार व्हतो, भागू. आईची आन."

ओहोटी लागली होती. भागुबाईला पलीकडे न्यायला काढलेली होडी चिखलात हळूहळू कलंडत होती, आणि तिच्याकडे आता कुणी बघत नव्हतं.

पंच बाजूला जाऊन कुजबुजले. मग पाटलांनी उभं राहून निवाडा सांगितला. आवाज मोठा ठेवला होता. चूक झाली की पाटील आवाज मोठाच ठेवत. आईला पाण्यावर नेली आणि निर्दोष बाईवर आळ येऊ दिला म्हणून दादूची होडी वर्षभर किनाऱ्यावर. भागुबाई सुटली. तिच्यावर अन्याव झाला, तर तिनं काय ते मागून घ्यावं, पंच देतील.

चंदर दोन पावलं मागे सरकला. वाळवायच्या जागेची ओळ नव्यानं आखली जाईल, असं त्याला वाटलं असावं. तुळशीरामांनाही तेच वाटलं.

भागुबाई पारावरून उतरली. रात्रभर बसून पाय आखडले होते; ती पाराला धरून उभी राहिली.

"काल माजं घर धुंडाया किती मानसं आलतात?"

पाटील कमरेची डबी चाचपू लागले.

"म्या इचारलं राखनीवाल्यांना. यकतीस. अर्धा रांजन वतला, चूल उकरली, माज्या न्हवऱ्याची पेटी फोडली. यकतीस मानसं, येका मुखवट्याला." तिनं दादूकडे बोट केलं. "याच्या पोराला धुंडाया चवथ्या दिशी कितीजन गेलतात?"

दर्याचा आवाज येत होता.

"मला जागा नगं, लुगडं नगं. यकतीसच्या यकतीस मानसांनी उद्या पाटं होड्या काडायच्या. हा माजा दंड. आन ह्यो," ती दादूकडे न बघता म्हणाली, "जन्मात माज्या दारात येऊ नये."

ती घरी गेली. रांजणातून ओतलेली अर्धी मासळी अंगणात तशीच पडली होती. ती खाली बसून एकेक उचलू लागली.

तुळशीराम त्या रात्री पाटलांकडेच राहिले. पहाटे किनाऱ्यावर आले तेव्हा आभाळ तसंच होतं. अठरा होड्या पाण्यात उतरत होत्या. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सतरा दिवसांनंतर दर्या काय परत देतो आणि कोणत्या रूपात देतो, हे त्या एकतीस जणांना सोनारापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

दादूची होडी वर ओढलेली होती. तो तिच्याजवळ उभा होता. चंदर बराच वेळ वल्ह्याशी काहीतरी करत राहिला, मग वर न बघता म्हणाला, "ये रं काका. बस."

दादू चढला. त्यानं वल्ह्याला हात घातला, तो चंदरनं काढून घेतला.

"वल्हवायला आमी हाव. तू म्होरं बस. तू नुसता बघ."